पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका: खान्देशात अडचणीत पडलेल्या घरासाठी

आमचे हे केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. सावद्याकडून माल भरायचा आणि दिल्लीच्या रस्त्याला लागायचं. काविळीने सात दिवसांत गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाच्या डब्यात हात घातला तर हाताला तळाचा पत्रा लागला.

त्यानंतर पहिली सरकारी रक्कम माझ्या खात्यात यायला अकरा महिने लागले. त्यातले निदान पाच महिने निव्वळ चुकीच्या खिडकीवर उभं राहण्यात गेले. कोणी आडवं आलं नव्हतं. आधी काय आणि नंतर काय, एवढंच मला माहीत नव्हतं. आता गल्लीत कोणावर वेळ आली की तिला माझ्याकडे पाठवतात. तेच तेच सांगून झालं, म्हणून लिहून काढते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत रीत एकच आहे.

लाज वाटेल. मलाही वाटली. माहेरी पाच एकर कोरडवाहू होती, कोणाकडे हात पसरायची सवय नव्हती. आमच्या गल्लीतली जिजी म्हणाली, "माय, कंट्रोलचा गहू कोणाच्या घरचा नाही, कायद्याचा आहे." तिचं बरोबर होतं. कंट्रोल म्हणजे रेशन, आणि त्यामागे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आहे.

१. आधी पिशवी भरा

साडीच्या दुकानातली चेन असलेली जाड प्लास्टिकची पिशवी घ्या. पत्र्याच्या पेटीत कागद ठेवू नका. माझा एक दाखला उंदराने अर्धा खाल्ला आणि तो परत काढायला तीन आठवडे गेले. पिशवीत हे हवं:

- घरातल्या सगळ्यांचं आधार कार्ड
- रेशन कार्ड, आणि त्याचा १२ अंकी ऑनलाइन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर (जुन्या कार्डावर तो छापलेला नसतो, दुकानदार मशीनवर बघून सांगतो)
- बँकेचं पासबुक, नुकतीच नोंद मारलेलं
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा
- जातीचा दाखला असेल तर तो
- सहा-आठ पासपोर्ट फोटो
- सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स

मूळ कागद कोणाच्याही हातात ठेवून येऊ नका. दाखवायचा, परत घ्यायचा, झेरॉक्स द्यायची.

आता सगळ्यात मोठी भानगड: नाव. माझ्या आधारवर नावापुढे 'बाई' आहे, पासबुकावर नाही, आणि रेशन कार्डावर तर लिहिणाऱ्याने वेलांटीच खाल्ली होती. तीन कागद, तीन बाया. संगणकाला या तिघी वेगळ्या वाटतात. म्हणून कोणताही अर्ज करण्याआधी चटईवर सगळे कागद शेजारी शेजारी मांडा आणि पोराला मोठ्याने वाचायला लावा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख. फरक निघाला तर आधार आणि बँक ही दोन आधी जुळवा, बाकीचं मागून होतं.

आणि एक वही करा. कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, काय सांगितलं. मी पोरीच्या गणिताच्या वहीची मागची पानं वापरली.

२. कंट्रोल: पोटाचं आधी

इथे बहुतेक जण एकाच गोष्टीत फसतात. कार्डाचा रंग वेगळा आणि धान्य मिळणं वेगळं. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याच्यावर पांढरं, हे रंगाचं झालं. धान्य मात्र मिळतं ते 'अंत्योदय' किंवा 'प्राधान्य कुटुंब' या यादीत नाव असेल तर. अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्यला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याला पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. तेव्हा 'किलोला दोन रुपये' मागणारा दुकानदार जुन्या काळात राहतो असं समजा आणि पावती मागा.

माझं कार्ड केशरी होतं. पहिल्या दिवशी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिले, नंबर आला, दुकानदार मशीनकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमनं नाव यादीमा नही शे." मागे ओळीत ओळखीच्या बाया. रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली ते आजही आठवतं. कार्ड आहे म्हणजे धान्य आहे असं मी धरून चालले होते. आमचे हे कमावते होते तेव्हा धान्याची गरज पडली नव्हती, त्यामुळे यादीत नाव घालायचा अर्जच कोणी केला नव्हता.

तर करायचं असं. तहसील कचेरीत पुरवठा शाखा असते. तिथे 'प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश व्हावा' असा अर्ज द्यायचा. उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. सोबत रेशन कार्ड, सगळ्यांचं आधार, उत्पन्नाचा दाखला.

तिथे तुम्हाला एक शब्द ऐकायला मिळेल: इष्टांक. राज्यात किती माणसांना हे धान्य द्यायचं याचा आकडा बांधलेला आहे, ७ कोटी १६ हजार ६८४, आणि तो पुढे जिल्ह्याला, तालुक्याला वाटून दिलेला आहे. तालुक्याचा आकडा भरला असेल तर तुम्ही कितीही गरीब असा, "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर येतं. हे ऐकून घरी परतू नका. मी परतले होते, चार महिने वाया. मृत्यू, लग्न, स्थलांतर, ई-केवायसी (मशीनवर आधारने ओळख पटवणं) न होणं यांमुळे यादीतून नावं सतत कमी होत असतात आणि जागा होत राहते. ती जागा अर्ज करून ठेवलेल्यालाच मिळणार, घरी बसलेल्याला नाही. अर्ज द्या, झेरॉक्सवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि महिन्यातून एकदा जाऊन विचारा.

शिक्क्याची सवय इथूनच लावा. कचेरीत आवक-जावकचं वेगळं टेबल असतं. ज्याच्या हातात अर्ज द्यायचा वाटतं तो साहेब म्हणेल "ठेवा इथे". इथे ठेवलेला अर्ज वाऱ्याने उडतो. आधी आवक टेबलाला जा, मग साहेबाकडे.

दुकानावरच्या अडचणी:

*अंगठा लागत नाही.* कापूस वेचून, भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजतात. बोंडाच्या टोकांनी तर हिवाळाभर बोटं सोललेली असतात. मशीन लाल दिवा दाखवतं आणि माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करा, अंगठा नाही लागला तर दुसरी बोटं द्या. तरी नाही जमलं तर कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो. म्हातारीला पाठीवर घालून नेण्याची गरज नाही.

*सुनेचं नाव नाही.* लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डात तसंच असतं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरी चढत नाही. हे काम लग्नाच्या वर्षीच करून टाका. बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर ही गोष्ट उघडी पडते आणि तेव्हा कोणाला पळायला वेळ नसतो.

*ई-केवायसी.* कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं करून घ्या, लहान पोरांचंसुद्धा. नाही केलं तर त्या माणसाचं धान्य थांबतं.

*कामाला बाहेरगावी जाणारे.* अक्कलकुवा-धडगावकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये उतरतात, आमच्याकडची पोरं सुरतला जातात. कार्ड गावाचं असलं तरी धान्य देशात कुठेही, जिथे असाल तिथल्या दुकानात मिळतं. निम्मं घर तिकडे आणि म्हातारे इकडे असतील तर वाटूनही उचलता येतं, फक्त आधार कार्डाला जोडलेलं पाहिजे. तिकडचा दुकानदार "परराज्याचं चालत नाही" म्हणाला तर १९६७ ला फोन करा. हा नंबर रेशनच्या तक्रारीचा आहे.

३. उत्पन्नाचा दाखला

हा दाखला सगळीकडे मागतात, म्हणून लवकर काढा. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज होतो, तलाठ्याचा अहवाल लागतो (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठी आप्पाच), आणि तहसीलदारांच्या सहीने दाखला येतो.

पहिला सापळा कचेरीच्या दाराबाहेरच असतो. टेबल टाकून बसलेला माणूस म्हणेल, प्रतिज्ञापत्राला पाचशेचा मुद्रांक लागतो. लागत नाही. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क माफ आहे. मी तेव्हा शंभरचे दोन घेतले होते. दोनशे रुपये म्हणजे तेव्हा माझी एका दिवसाची वेचणी. केंद्रात फीचा फलक लावलेला असतो, तेवढेच द्या आणि पावती घ्या.

दुसरा सापळा आकड्याचा. निराधार योजनेला वर्षाला २१ हजारांच्या आतला दाखला लागतो. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. इतक्यात जगणारं घर दाखवा म्हटलं तर मलाही दाखवता येणार नाही, पण नियम तो आहे. होतं काय, तलाठी सवयीने सगळ्यांना एक ठरावीक आकडा लिहितात आणि तो २१ हजारांच्या वर असला की पुढचा अर्ज तिथेच मेला. म्हणून अहवालाच्या वेळी समोर बसून खरं काय ते नीट सांगा: वेचणी दिवाळीपासून किती दिवस चालली, निंदणीचे दिवस किती, मधले किती महिने काहीच नव्हतं. खोटं सांगू नका, शेजारच्यांचे जबाब घेतात. पण बारा महिने काम धरून गुणाकार केला जात असेल तर तिथेच थांबवा. दाखला हातात आला की कशासाठी आणि किती वर्षांचा दिलाय ते वाचूनच बाहेर पडा.

४. दरमहा पैसे: संजय गांधी आणि श्रावणबाळ

६५ वर्षांच्या आतली विधवा, घटस्फोटित, टाकून दिलेली बाई, दिव्यांग, क्षय-कर्करोग-कुष्ठरोगासारख्या आजाराने घरी बसलेला माणूस, अनाथ मूल, अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. जुलै २०२३ पासून दोन्हीकडे महिन्याला १,५०० रुपये. दिव्यांगांचे २०२५ मध्ये २,५०० झाले. दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादाही ५० हजारांची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

अर्ज तहसील कचेरीत 'संगायो' शाखेत. लागणारे कागद: ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, उत्पन्नाचा दाखला, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार, रेशन कार्ड, पासबुक, फोटो, आणि ज्या कारणासाठी मागताय त्याचा कागद. विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, दिव्यांगाला सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र, घटस्फोटितेला कोर्टाचा हुकूम.

अर्जांवर निर्णय तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होतो. बैठक कधी आहे हे विचारून ठेवा. बैठकीच्या आदल्या आठवड्यात जाऊन अर्ज यादीत चढलाय का ते बघणं फायद्याचं. मी बघितलं नाही, माझा एक कागद कमी निघाला आणि अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. कमी काय होतं? फोटो. गोंद सुटून पडलेला. तेव्हापासून मी फोटो चिकटवत नाही, टाचणी मारते आणि मागे नाव लिहिते.

मंजुरीचं पत्र आलं आणि पैसे आले नाहीत, तर बँक तपासा. पैसे आता आधार क्रमांकावर जमा होतात. तुम्ही अर्जात कोणतंही खातं लिहा, पैसे जातात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. माझे दोन महिन्यांचे तीन हजार भलत्याच खात्यात गेले. बचत गटाच्या नावाखाली कर्ज देणाऱ्या एका कंपनीने कधीतरी माझं खातं उघडून घेतलं होतं, अंगठा दिलेला मला आठवतही नव्हता, आणि पैसे पडले तसे हप्त्यात वळते झाले. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' म्हणून बघता येतं, सेतूवाला पोरगाही दोन मिनिटांत बघून देतो. खातं बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा. बँक लांब असेल तर पोस्टाचं खातं सोयीचं, डाक सेवक घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो.

आणखी एक. संजय गांधीचे १,५०० चालू असताना लाडकी बहीणचे १,५०० मिळत नाहीत. दोन्हीकडे नाव घालून बघू, असं करू नका.

५. कर्ता माणूस गेला असेल तर

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, तोवर पैसे लागत नाहीत. उशीर झाला की परवानग्या सुरू होतात. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस गावचा, पण गेला धुळ्याच्या किंवा जळगावच्या सिव्हिलमध्ये, तर दाखला तिकडचा मिळणार, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. मी ग्रामसेवकाच्या मागे पंधरा दिवस होते. किमान दहा प्रती काढा.

मग चार गोष्टी, लवकर:

*पासबुक वाचा.* त्यांच्या पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये किंवा २० रुपये कापल्याची नोंद आहे का? ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना बँकवाले सही घेतात आणि घरात कोणाला पत्ता नसतो. आमच्याकडे ४३६ ची नोंद होती. मला ती बँकेच्या शिपायाने दाखवली, तीसुद्धा खातं बंद करायला गेले तेव्हा. म्हणून नोंदी वाचल्याशिवाय खातं बंद करायचा फॉर्म भरू नका.

*राष्ट्रीय कुटुंब लाभ.* दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर एकदाच २० हजार. अर्ज तहसीललाच. पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असं नसतं. यादीतला नंबर ग्रामपंचायतीतून लिहून आणा.

*शेतकरी घर असेल तर.* सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी, किंवा त्याच्या घरातला एक जण, वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून, रस्त्यावर अपघाताने गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, तीस दिवसांच्या आत. दशक्रियेच्या गडबडीत हीच मुदत निघून जाते.

*बालसंगोपन.* हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. बाप गेलेल्या, किंवा दोघंही गेलेल्या १८ वर्षांच्या आतल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मुलामागे, घरामागे नाही. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, मुलाचा शाळेचा बोनाफाईड, दोघांचं आधार, मुलाचं बँक खातं आणि घरासमोर मुलांना घेऊन उभं राहून काढलेला फोटो लागतो. त्या फोटोसाठी माझ्या पोराने नवा शर्ट घातला. मी रागावले, की बाबा रे, जुना घाल. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही.

६. हाताला काम

आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ पासून आहे. रोजगार सेवक म्हणेल, "काम निघालं की सांगतो." असं सांगून काम निघत नाही, मागितलं की निघतं. जॉब कार्ड काढा आणि पाच-दहा जणांनी मिळून ग्रामपंचायतीत कामाच्या मागणीचा नमुना ४ भरा. तारीख असलेली पोच घ्या. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या चौथाई, पुढे निम्मा. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरतात. २०२५-२६ ला दिवसाचा दर ३१२ रुपये होता. संसदेने २०२५ च्या डिसेंबरात नवा कायदा करून १०० दिवसांचे १२५ केले, नावही बदललं. गावात रोहयोच म्हणतात आणि पोच तेवढीच लागते.

वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करा. पोरांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला पैसे मिळतात. 'भांडी मिळवून देतो, दीड हजार द्या' म्हणत फिरणारे गावोगाव आहेत. ९० दिवसांचं खोटं प्रमाणपत्र त्यांचं असतं, नाव तुमचं.

आदिवासी घरांसाठी नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे प्रकल्प कार्यालयं आहेत. शबरी घरकुल, आश्रमशाळा, वसतिगृह यांची चौकशी तिथेच करा, तहसीलला नाही.

७. दवाखाना

आजारपणात सोनं मोडायच्या आधी हे वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि आता कोणत्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं. फक्त दवाखाना योजनेतला हवा, आणि तो आजार त्या दवाखान्यात योजनेखाली होत असला पाहिजे. आत गेल्यावर डॉक्टरच्या आधी 'आरोग्यमित्र' लिहिलेलं टेबल शोधा. रेशन कार्ड आणि आधार दाखवा. भरतीआधी "थोडं डिपॉझिट भरा, नंतर योजनेत घेऊ" असं म्हणाले तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा. नंतर योजनेत घेतलेलं मी पाहिलं नाही.

आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०८.

खाजगी मोठ्या दवाखान्याच्या पाटीवर 'धर्मादाय' असेल तर तिथे दहा टक्के खाटा १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी पूर्ण मोफत आणि दहा टक्के ३ लाख ६० हजारांच्या आतल्यांसाठी निम्म्या दरात राखलेल्या असतात. त्यासाठी तोच तुमचा उत्पन्नाचा दाखला.

८. गटाचे हप्ते आणि सावकार

धान्य चालू झालं तरी आठवड्याचा हप्ता थांबत नाही. आमच्या गल्लीत मंगळवारी हप्तेवाला यायचा. जिचा हप्ता चुकला तिच्या ओट्यावर गटातल्या बाकी नऊ जणी बसून राहायच्या, रात्री नऊ-नऊपर्यंत. मीही कोणाच्या तरी ओट्यावर बसलेली आहे, खोटं कशाला बोलू.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे छोट्या कर्जाचे सगळे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८. कर्ज माफ होत नाही, पण हप्ता लांबवून मिळतो. मला मिळाला. एक कर्ज फेडायला दुसऱ्या गटाचं मात्र उचलू नका.

सावकाराकडे जावंच लागलं तर परवाना आहे का ते विचारा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर अंगठा नको. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं २०१४ च्या सावकारी कायद्यात गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. शेत लिहून घेतलं असेल आणि त्याला पंधरा वर्षं झाली नसतील तर तेही परत मागता येतं. वकील लागला तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

९. "नंतर या" म्हणाले तर

दाखल्यांना मुदत ठरलेली आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा याचा फलक कचेरीत भिंतीवर असतो. मुदत गेली की त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. मी एकदाच केलं. अपिलाचा कागद आवकला दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी दाखला तयार होता.

भांडू नका, ओरडू नका, पण "साहेब, हे लिहून द्या" एवढं म्हणा. तोंडी नकार सोपा असतो.

आठवडे बाजाराच्या दिवशी कचेरीत जाऊ नका. अख्खा तालुका आलेला असतो आणि झेरॉक्सला तासभर रांग. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यातही नको, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. सकाळची पहिली एसटी धरा, भाकरी बांधून न्या. अनुदान सुरू झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही दिला तर पैसे न सांगता बंद होतात. मागच्या वर्षी जिजीचे असेच बंद झाले. मी तिला घेऊन गेले, खिडकीतल्या पोराने विचारलं, आजी जिवंत आहेत याचा पुरावा? जिजीने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, "पाणी पाज बेटा, मंग सांगते." त्याने पाणी दिलं. दाखलाही घेतला, झेरॉक्सवर शिक्का मारून.